झुडपं घ्यायची तर आधी मे महिन्यात गाव फिरा

नवं घर झालं त्या वर्षी जुलैत मी रोडवरच्या एका नर्सरीतून एकवीस झुडपं आणली होती. पुढच्या मृगाला मोजली तर चार उरली. सहा ऑगस्टच्या झडीत सडली, दोन झुडपं बकऱ्यांनी खाल्ली आणि नऊ मे महिन्यात उभ्या उभ्या वाळली. एक्झोरा, सोनेरी ड्युरांटा, क्रोटन, रंगीबेरंगी जास्वंदी, सगळं गेलं. एकेक झाड ४० ते १५० रुपयांचं. पण पैशापेक्षा सासूबाईंचं बोलणं जास्त लागलं. सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसल्या बसल्या त्या रोज वाळलेल्या काड्या मोजायच्या आणि म्हणायच्या, "काहून वो, अंगणात सरपण लावलं काय तू?"

जगलेली चार म्हणजे एक तगर, एक बोगनवेल, कपडे धुवायच्या दगडापाशी लावलेली साधी लाल जास्वंद आणि एक कामिनी. या चौघांनी मला जेवढं शिकवलं तेवढं मेलेल्या सतरांनी नाही शिकवलं. त्यातल्या कामिनीनं तर पुढे चांगलाच घोळ घातला, ते सांगतेच.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या वरुडच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरची संत्र्याची बाग आहे, दोन गाई आहेत, आणि घरापुढे चाळीस बाय तीस फुटांचं अंगण. माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातलं. तीस वर्षं अंगणवाडीत काम केलं. म्हणजे माती दोन प्रकारची पाहिली आणि झाडाच्या वाईटावर असलेली लेकरं शेकड्यांनी पाहिली. हे सगळं त्या हिशेबानं लिहिते आहे.

नर्सरीत आपण जातो जुलै-ऑगस्टात. तेव्हा हिरव्या जाळीखाली सगळंच हसतं. आपल्याकडच्या रोडवरच्या नर्सऱ्यांमधला बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतो. राजमुंद्रीजवळचं, गोदावरीच्या अंगाचं ते गाव, हवा दमट. तिथं वाढलेलं रोप आपल्या ४५ अंशांत कसं वागेल हे त्याच्या फुलावर लिहिलेलं नसतं. म्हणून निवड जुलैत करायचीच नाही, जुलैत फक्त आणायचं. निवड करायची मे महिन्यात.

एप्रिलच्या शेवटापासून मृगापर्यंत कधीही, दुपारी चारच्या सुमारास, डोक्याला दुपट्टा बांधून गावातून एक चक्कर मारा. ज्या घरी ठिबक आहे तिथलं झाड पाहून काही कळत नाही. पाहायची ती बंद घरं, जिल्हा परिषद शाळेचं कुंपण, मारुतीच्या देवळाची मागची बाजू, स्मशानाकडचा रस्ता. जिथं कोणी बादलीभर पाणी टाकत नाही आणि तरी झुडूप हिरवं आहे, ते तुमच्या कामाचं.

आमच्या आळीत एक घर आठ-नऊ वर्षांपासून कुलपात आहे, मंडळी पुण्याला गेली. मी त्या घरापुढे अर्धा तास उभी होते. फाटकाच्या एका बाजूला पांढरी कण्हेर, फुलांसकट. दुसऱ्या बाजूला मेहंदीची रांग, खालून वाळकी पण शेंडे हिरवे. भिंतीवर जांभळी बोगनवेल, एकही पान दिसू नये इतकी फुललेली. आणि कोपऱ्यात चक्क एक जास्वंद, दीड पुरुष उंच. मला वाटलं, हिला पाणी कोण देतं? वाकून पाहिलं तर शेजारच्यांच्या न्हाणीचं पाणी भिंतीखालून तिच्या बुडाशी येत होतं. म्हणजे नुसतं झाडाचं नाव लिहून भागत नाही. त्याला पाणी कुठून येतं, ऊन कोणत्या भिंतीचं लागतं, सावली कोणाची पडते, हेही लिहा. मी अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहिलं होतं, अजून आहे.

त्या रजिस्टरात आमच्या गावापुरती ही नावं निघाली: कण्हेर, बोगनवेल, मेहंदी, शंकासुर, टेकोमा, तगर, अडुळसा, कोरांटी, निरगुडी, पांढरा चाफा, पारिजातक. पाण्याच्या वाटेवर देशी जास्वंद. यादी नवलाची नाही, आपल्या आजीच्या अंगणातलीच आहे. नवलाईच्या मागे लागून मीच ती विसरले होते.

पारिजातकाबद्दल एक सांगते. मे महिन्यात तो पानं गाळतो आणि मेल्यासारखा दिसतो. मी माझा उपटायलाच निघाले होते. नखानं साल खरवडली तर आतून ओली हिरवी. पाऊस पडल्यावर तीच काडी पानांनी भरली. म्हणून मे मध्ये पानं नसलेलं प्रत्येक झुडूप मेलेलं समजू नका, आधी नख लावून पाहा.

माहेरी हीच चक्कर मारली तर यादी आखूड होते. खारपाणात विहिरीचं पाणी खारट, तिथं जास्वंदीच्या पानांच्या कडा जळतात, गुलाब टिकत नाही. माझ्या भावाच्या दारी कण्हेर, बोगनवेल आणि मेहंदी, तिघंच खुशीत असतात. तुमच्याकडे खारं पाणी असेल तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा आणि हौसेची बाकी झाडं पावसाचं पाणी साठवून कुंडीत जगवा.

आता दुसरी चक्कर, ऑगस्टमधली. तीन-चार दिवसांची झड लागून उघडली की दुसऱ्या दिवशी आपलंच अंगण पाहायचं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की पायाचं बोट आत जावं, आणि पावसाळ्यात तीच फुगून अशी मिटते की पाणी खाली उतरतच नाही. माझी सहा झाडं याच पाण्यात गेली. मी नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून दोन-दोन फूट खड्डे घेतले होते, त्यात भुसभुशीत खत-माती भरली होती. चारी बाजूंनी चिकण काळी माती आणि मध्ये पोकळ खड्डा, म्हणजे टाकंच झालं ते. सगळ्या अंगणाचं पाणी त्यात येऊन मुरायचं नाव घेईना. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "खड्ड्यात म्हैस बसते वो माय, झाड नाही बसत."

परीक्षा सोपी आहे. जिथं झुडूप लावायचं मनात आहे तिथं दीड फूट खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच दिसलं तर तिथं पारिजातक, चाफा, बोगनवेल, मोगरा यांच्यासाठी खड्डा करून उपयोग नाही, उंचवटा करावा लागेल. जमिनीपासून नऊ इंच ते फूटभर उंच, दोन-अडीच हात रुंद असा मातीचा ढीग, त्यात निम्मी घरची माती, थोडा मुरूम आणि कुजलेलं शेणखत. संत्र्याला आपण गादीवाफा करतोच की, तेच तत्त्व. जास्वंद आणि तगर थोडा ओलावा सोसतात, पण डबकं त्यांनाही नको.

याच मातीमुळे आणखी एक पथ्य. झुडपं जोत्याला चिकटवून लावू नका. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते. जोत्याच्या एका बाजूला आपण वर्षभर पाणी घालत राहिलो आणि दुसरी बाजू कोरडी राहिली, तर जोतं आणि फरशी तडकते. आमच्या पायरीला गेलेली तडा त्या जास्वंदीच्या ओळीचीच आहे, असं आमच्या मिस्त्रीनं दाखवून दिलं. आता मी कमीत कमी चार फूट सोडते. तेवढ्या जागेत रंगाचे डबे घेऊन रंगाऱ्याला शिडी लावता येते, हा वरचा फायदा.

मग अंगणातली जागा पाहून झुडूप ठरवायचं. आधी झाड पसंत करून मग त्याला जागा शोधणं, हीच सतरा झाडांची गोष्ट होती.

पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट. दुपारी दोनपासून सहापर्यंत ऊन, वर सिमेंटची धग, आणि गोठ्याच्या टिनांवरून उलटून येणारी झळ वेगळीच. तिथं क्रोटन लावणं म्हणजे त्याला तव्यावर ठेवणं. पश्चिमेला माझ्याकडे बोगनवेल, शंकासुर आणि टेकोमा आहेत. शंकासुर बियांपासून होतो, पावसाळा लागला की लाल-पिवळे तुरे सुरू होतात ते हिवाळ्यापर्यंत. फेब्रुवारीत निम्म्यावर छाटला की पुन्हा भरतो. टेकोमा पिवळ्या घंटांनी लदतो, पण शेंगा वाळायच्या आत तोडाव्या लागतात, नाहीतर सगळ्या अंगणात त्याचीच रोपं. आणि तो आठ-दहा फूट जातो, हे विसरून खिडकीसमोर लावू नका.

बोगनवेलीबद्दल मी जरा सविस्तर सांगते, कारण लोक तिचे लाड करून तिला बिघडवतात. आपण संत्र्याला ताण देतो ना, आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो, पान थोडं मलूल होऊ देतो, मग पाणी सोडलं की फूल येतं. बोगनवेलीचं तेच. रोज पाणी दिलं तर नुसती पानं आणि लांब लांब सोटे. माझी पहिली दोन वर्षं तशीच गेली. मग एका हिवाळ्यात मोटर जळाली, पंधरा-वीस दिवस तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती, आणि ती अशी फुलली की रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. (त्यातली रंगीत असतात ती खरं तर पानंच. फूल म्हणजे मधली इवलीशी पांढरी नळी.) बहर ओसरला की सोटे हातभर ठेवून छाटायचे, थोडं खत, एक पाणी आणि पुन्हा विसरायचं.

पण ती फाटकाशी लावू नका. आमच्याकडे दिसायला छान म्हणून फाटकावर कमान केली होती. संत्र्याच्या तोडणीला गाडी आली तेव्हा वरच्या कॅरेटांना काटे अडकले, मजुराचा सदरा फाटला, आणि छाटलेल्या काट्यांनी भाच्याची मोटरसायकल दोनदा पंक्चर झाली. आता ती भिंतीला आहे, पायवाटेपासून सहा फुटांवर. फाटकाशी तगर लावली. काटा नाही, दूध असल्यामुळे बकरी तोंड लावत नाही, आणि अंधारातही पांढरी फुलं दिसतात. तगरीला मे महिन्यात आठवड्याला दोन बादल्या मिळाल्या तरी ती कुरकुर करत नाही. दुहेरी फुलाची तगर दिसायला भरघोस, पण मला एकेरीच आवडते, चांदणीसारखी.

न्हाणी आणि भांडी घासायच्या जागेचं पाणी जिथून जातं तिथं देशी जास्वंद. पाच पाकळ्यांची लाल. नर्सरीत मिळणाऱ्या पिवळ्या-केशरी, ताटाएवढ्या फुलांच्या जातींवर माझा राग नाही, पण त्या कुंडीत, सकाळच्या उन्हात. जमिनीत लावायची ती गावातल्याच जुन्या झाडाची फांदी. एक ध्यानात असू द्या, जास्वंद, कपाशी आणि भेंडी एकाच कुळातली. शेत घराला लागून असेल तर पिठ्या ढेकूण आणि मावा यांची ये-जा चालू राहते. पांढरा कापूस दिसला की पाण्याच्या जोराच्या धारेनं धुवायचं, जास्त असेल तर फांदी काढून जाळायची, मग निंबोळी अर्क. अंगणात गाजरगवत ठेवायचं नाही, ढेकूण आधी तिथं वाढतो.

उत्तरेची बाजू आणि कडुनिंबाखालची जागा मात्र हौसेची. तिथं अबोली, अकॅलिफा, दोन क्रोटन. दुपारचं ऊन लागत नाही म्हणून जगतात. एक्झोरा मी तिथंही लावून पाहिली. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. संत्रावाल्यांना हे दुखणं पाठ आहे, चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारलं की महिना-दीड महिना बरी दिसते, पुन्हा पिवळी. कोकणात लाल मातीत ती कुंपणाला जंगलीसारखी वाढते, आपल्याकडे तिची सेवाच करावी लागते. मी सोडून दिली. तुमच्याकडे मुरमाड, बिनचुनखडीची जागा असेल तर तुमचं नशीब.

मोगरा उन्हाचा. त्यालाही ताण लागतो. डिसेंबरात पाणी बंद, जानेवारीत फूटभर उंचीवर छाटून उरलेली पानं काढायची, शेणखत घालून पाणी सोडायचं. मार्चमध्ये कळ्या धरतात. सपरीच्या पूर्वेच्या टोकाला, म्हणजे उन्हाळ्यात बाहेर बाजा टाकून झोपतो तिथून पाच-सहा फुटांवर लावा.

आता बकऱ्या. गावात कुंपण कितीही चांगलं करा, फाटक कोणीतरी उघडं ठेवतंच. जास्वंद आणि गुलाब हा बकरीचा खाऊ आहे, बोगनवेलीचा पालासुद्धा ती काट्यांतून ओढून खाते. म्हणून रस्त्याच्या कडेला कण्हेर, अडुळसा, निरगुडी, तगर यांची ओळ आणि त्याच्या आत बकरीच्या आवडीची झुडपं. अडुळशाला शोभेचं कोणी म्हणत नाही, पण पांढऱ्या फुलांचे तुरे आले की मला तो पैसे देऊन आणलेल्या झाडांपेक्षा बरा वाटतो, आणि खोकला झाला की अर्धी आळी पानं मागायला येते. निरगुडीची निळी फुलंही तशीच, दुर्लक्षित.

कण्हेरीचं मात्र नीट ऐका. मूळ, पान, फूल, सगळी कण्हेर विषारी. हिरवं पान कडू म्हणून गाय सहसा खात नाही, पण छाटलेली कण्हेर वाळली तरी विष जात नाही, आणि कडब्या-कुटारात मिसळून गेली तर जनावर फसतं. आमच्या गावात एक कालवड अशीच दगावली. मी कण्हेर छाटते तेव्हा काड्या मोजून गोळा करते आणि गोठ्यापासून लांब पुरते. त्या काड्यांच्या चुलीवर काही शिजवायचं नाही, दातवण म्हणून तोंडात धरायची नाही.

तिच्याहून मला भीती बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची. महादेवाला फूल चालतं म्हणून दारोदारी आहे. तिच्या त्रिकोणी टणक बिया लेकरं खेळायला घेतात, दगडानं फोडतात आणि आतला गर तोंडात घालतात. तो गर हृदयावर जातो. आमच्या अंगणवाडीच्या आवारात एक मोठी बिट्टी होती. एका दुपारी चार वर्षांच्या पोराच्या खिशातून सात बिया निघाल्या, एक फोडलेली. त्यानं खाल्ली नव्हती, पण त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेईपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. आठवडाभरात ती बिट्टी तोडवून घेतली. घरात सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर बिट्टी लावूच नका, ड्युरांटाची पिवळी फळंही त्याच्या हाताला लागू देऊ नका.

घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात, तीही नर्सरीत बुटकी, पिवळी करून विकायला असते. तीसुद्धा इंग्रजांच्या काळी शोभेची म्हणूनच इकडे आली होती. आता सातपुड्याच्या उतारावर जाऊन पाहा तिनं काय केलं ते. गुरानं खाल्ली तर उन्हात कातडी सोलून निघते. मी लावत नाही.

आता त्या चौथ्या, जगलेल्या झाडाची गोष्ट. कामिनी, कोणी कुंती म्हणतं. गर्द हिरवी, पांढरं सुवासिक फूल, उन्हाळा सोसला, झड सोसली, बकरीनं खाल्ली नाही. मला वाटलं, सापडलं आपलं झाड. पुढच्या पावसाळ्यात बागेच्या बाजूला पंधरा कामिनींची ओळ लावली. तिसऱ्या वर्षी कोवळी पालवी मुडपलेली दिसायला लागली. भाचा बीएस्सी ॲग्री करून नुकताच आला होता. त्यानं एक शेंडा तोडून माझ्या तळहातावर ठेवला. "मामी, हे पाहा." आधी काही दिसेना. चष्मा लावला तर कोवळ्या पानांच्या खोबणीत मोहरीहून बारीक, पिवळसर, चपटी पिल्लं, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या मेणाचे दोरे. एक मोठा किडा तपकिरी, डोकं खाली आणि शेपूट वर करून तिरपा बसलेला. "सायला," तो म्हणाला. "तुमच्या संत्र्यावर येते तीच."

कामिनी ही संत्र्याच्याच कुळातली. सिट्रस सायला तिच्यावर मजेत वाढते आणि तिथून बागेत जाते. नुसता रस शोषून थांबत नाही, ग्रीनिंग नावाचा रोग ती झाडाझाडांत पसरवते, आणि त्या रोगावर औषध नाही. आम्ही बागेत सायलासाठी फवारणी करत होतो आणि बांधावर तिला पाळत होतो. पंधरा कामिनी मुळासकट काढल्या, अंगणातली पहिलीही काढली. ती काढताना वाईट वाटलं, सगळ्यांत देखणी तीच होती. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड, जिथं जिथं संत्रा-मोसंबी आहे तिथं कामिनीचं कुंपण नको. गोडलिंबावरही, म्हणजे कढीपत्त्यावरही, सायला येते, पण घराला गोडलिंब लागतोच. एक झाड ठेवलं आहे, आणि नवी पालवी आली की ती उलटून पाहते. कामिनीच्या जागी मेहंदी लावली, फुटाफुटावर, दोन ओळींत. फूल बारीक, पण संध्याकाळी वास येतो.

पसंत केलेली झुडपं आणायची कुठून? निम्मी तरी फुकट मिळतात. जास्वंद, तगर, कण्हेर, मेहंदी, मोगरा, सगळी फांदीपासून होतात. आर्द्रा-पुनर्वसूत, पाऊस बसला की, ज्या झाडानं तुमच्या गावचे दहा उन्हाळे काढले त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या मागून आणा. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, खालचा काप डोळ्याखाली तिरपा घ्या, रेती-मातीच्या पिशवीत निम्मी खुपसा आणि सावलीत ठेवा. माझ्या दहातल्या सहा-सात लागतात. उपटून नेलेल्या रोपापेक्षा मागून नेलेली फांदी चांगली, आणि देणारीला वर्षानं एक रोप परत नेऊन द्यायचं.

विकत घ्यायचंच तर फुललेलं झाड घेऊ नका, बुंधा जाड आणि फांद्या खालपासून असलेलं घ्या. पिशवी उलटी करून खाली मुळं गोल गोल वेटाळलेली आहेत का पाहा, असतील तर ठेवून द्या. पानाची मागची बाजू पाहा. घरी आणल्यावर पंधरा दिवस झाडाखाली ठेवायचं, ऊन थोडं थोडं वाढवत न्यायचं. लावताना पिशवीतल्या लाल मातीचा गोळा बोटांनी बाहेरून मोकळा करा. तसाच काळ्या मातीत बसवला तर मूळ त्या गोळ्यातच फिरत राहतं आणि उन्हाळ्यात गोळा आतून कोरडा ठणठणीत होतो. मी मेलेलं ड्युरांटा उपटलं तेव्हा पिशवीचा आकार जसाच्या तसा हातात आला होता. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्या शेणानं हुमणी आणि उधई (वाळवी) येते. दोन झुडपांत मोगऱ्याला तीन फूट, तगर-जास्वंदीला सहा, टेकोमा आणि बोगनवेलीला दहा फूट सोडा. पहिली दोन वर्षं अंगण उघडं वाटेल. तेवढ्या जागेत झेंडू टाका, भादव्यात महालक्ष्म्यांना फुलं होतात.

राहिला पहिला मे महिना. आमच्याकडे भूजल खोल गेलेलं, ज्याला डार्क झोन म्हणतात, बोअर दुपारी गुळण्या टाकते. म्हणून प्रत्येक नव्या झुडपापासून वीतभर अंतरावर जुना माठ गळ्यापर्यंत पुरते, आत पाणी भरते, वर झाकण. मातीचा कच्चा माठ हवा, रंगवलेला नको. पाच-सात लिटरचा माठ तीन-चार दिवस पाझरतो. बुडाशी सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड, पण बुंध्याला चिकटू न देता. पश्चिमेच्या बाजूनं आडोसा तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, करायचा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, वापरू नका, त्यात गुलाबी बोंडअळी राहते आणि घराजवळचं शेत पुन्हा नासतं. आडोसा काढायचा तो पहिला पाऊस पडल्यावर आणि माठही तेव्हाच उकरून घ्यायचे. एका वर्षी मी विसरले, काळी माती फुगली आणि अकरातले नऊ माठ जमिनीतच फुटले.